पालखीचा दिवस सॉफ्टवेअरमध्ये भरून बघितला: एका स्ट्रेचिंग स्टुडिओचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यात कोथरूडच्या बाजूला एक छोटा स्टुडिओ आहे, असिस्टेड स्ट्रेचिंग आणि मोबिलिटीचा. म्हणजे जिम नाही, योगा क्लास नाही आणि फिजिओथेरपीचं क्लिनिकही नाही. माणूस टेबलवर झोपतो आणि कोच त्याचे पाय, कंबर, खांदे धरून ५० मिनिटं नीट ताणून देतो, नंतर जमिनीवर थोडे मोबिलिटीचे व्यायाम करून घेतो. येणाऱ्यांत मान आखडलेले आयटीवाले आहेत, पळणारे आहेत आणि जिना उतरताना गुडघा धरणारे साठीच्या पुढचे बरेच आहेत. मी तिथला हिशोब आणि सिस्टिमची कामं बघतो. स्टुडिओ चालवतात त्यांना इथे नुसतं ताई म्हणतो. ओळख कळू नये म्हणून एकदोन तपशील बदललेत, बाकी घडलं तसं लिहितोय.

२०२५ च्या जूनमध्ये परिस्थिती अशी होती: चार कोच, दोन बायका आणि दोन पुरुष, पण टेबलं तीनच. १० सेशनचं पॅकेज १०,००० रुपये अधिक जीएसटी, तीन महिन्यांत वापरायचं. शनिवारी सकाळी १० जणांचा एक ग्रुप क्लास. आणि हे सगळं रिसेप्शनवरच्या काकूंच्या डायरीवर चालायचं. काकू ५६ वर्षांच्या, आधी एका दवाखान्यात २० वर्षं नंबर लावायचं काम केलेलं, त्यामुळे अमुक माणूस कधी येतो, त्याची बायको कुठल्या कोचकडे जाते, हे त्यांना तोंडपाठ. डायरीत नाव पेन्सिलनं लिहायचं, आला की निळी टिक, पैसे आले की लाल टिक, न सांगता आला नाही तर फुली, आणि न येण्याचं कारण पटण्यासारखं असलं तर नावाभोवती गोल, म्हणजे सेशन कापायचं नाही. मंगळवार सकाळी सातच्या रकान्यात कागद खोडरबरानं इतका झिजला होता की मागच्या पानावरचं दिसायचं.

अडचण

ताईंनी मला बोलावलं ते "डबल बुकिंग होतंय, एखादं सॉफ्टवेअर बघ" एवढंच म्हणून. महिन्यातून पाचसहा वेळा व्हायचं ते. सकाळी सातला चारही कोच मोकळे दिसतात म्हणून चार जणांना हो म्हटलं जायचं आणि टेबलं तीन, मग चौथा माणूस बाकावर बसून वाट बघणार.

पण डायरी घेऊन बसलो तेव्हा त्याच्या खाली दुसरंच सापडलं. कोणाचे किती सेशन शिल्लक आहेत हे कुठेच एका जागी लिहिलेलं नव्हतं. ते काढायचं म्हणजे पॅकेज घेतलं त्या तारखेपासून एकेक पान उलटत टिका मोजायच्या. एखादा म्हणाला "माझे अजून तीन आहेत ना", तर काकूंना पटत नसलं तरी त्या हो म्हणायच्या, कारण मागे चार माणसं उभी. कोचचा सेशनमागचा इन्सेंटिव्हही त्याच टिका मोजून निघायचा, त्यात महिन्याला काकूंच्या दोन संध्याकाळी जायच्या.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली. पहिल्या दिवशी प्रत्येकाकडून फॉर्म भरून घेतात, स्लिप डिस्क आहे का, गुडघा बदललाय का, बीपी, प्रेग्नन्सी वगैरे. हे फॉर्म एका फाइलमध्ये, आणि कोचना माहिती हवी म्हणून त्यांचे फोटो, कधीकधी एमआरआयच्या रिपोर्टचेही फोटो, कोचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. नोकरी सोडून गेलेले दोन कोच अजून त्या ग्रुपमध्ये होते. कोणी मुद्दाम केलेलं नाही हे, पण लोक विश्वासानं सांगतात त्या गोष्टी अशा फिरायला नकोत. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं सुद्धा माहिती कशासाठी घेतोय ते सांगून संमती घेणं आणि ती त्याच कामापुरती वापरणं अपेक्षित आहे. त्याच दिवशी ग्रुप बंद केला, सॉफ्टवेअरची वाट बघितली नाही.

पर्याय

पहिला पर्याय म्हणजे डायरीच ठेवायची आणि शिल्लक सेशनसाठी गूगल शीट करायची. मी केलीही, दोन आठवडे चाललीही, पण काकूंना सगळं दोनदा लिहावं लागायचं, आणि सकाळी सातला फोन वाजतोय, दारात माणूस आहे, अशात शीट कोण उघडणार, म्हणून बुधवारची नोंद शुक्रवारी आणि शुक्रवारची कधीच नाही असं व्हायला लागलं. तिसऱ्या आठवड्यात बंद केली.

दुसरा पर्याय जिमसाठीचं सॉफ्टवेअर. इथे आम्ही जवळजवळ फसलो. ताईंच्या ओळखीच्या एकांची जिम आहे, त्यांच्याकडे ते उत्तम चालतं, सेल्सवाला आला, दोन वर्षांचं एकदम भरलं तर निम्म्या किमतीत देतो म्हणाला आणि ताईंनी ५,००० टोकन देऊन टाकलं. डेमो खरंच छान होता, अंगठा लावला की हजेरी, डाएट चार्ट, मेंबरशिप संपायच्या आधी मेसेज. पण जिमचा सगळा हिशोब महिन्यांवर असतो, माणूस महिन्यात चारदा आला काय आणि चोवीसदा आला काय, फी तीच. आमच्याकडे महिना मोजतच नाहीत, सेशन मोजतात. त्या सॉफ्टवेअरमध्ये "१० पैकी ६ झाले" हे ठेवायला नीट जागाच नव्हती, पर्सनल ट्रेनिंगच्या रकान्यात कसंतरी बसवता आलं असतं, आणि टेबल नावाची गोष्ट तर त्याला माहीतच नव्हती.

तिसरा, परदेशातलं एक नावाजलेलं सॉफ्टवेअर, खास स्टुडिओंसाठी केलेलं. चौथा, आपल्याकडचं सलोनसाठीचं. सलोनचं नाव काढल्यावर ताईंचा चेहरा पडला होता, "आपण केस कापतो का" म्हणाल्या. पण नीट विचार केला तर सलोनमध्ये काय असतं, ठरावीक माणूस, ठरावीक खुर्ची, ठरावीक वेळ, आणि आधी पैसे भरून घेतलेलं पॅकेज. खुर्चीच्या जागी टेबल ठेवा, आमचंच काम आहे ते.

पालखीचा दिवस

डेमोमध्ये सेल्सवाला त्याला जे सोपं पडतं तेच दाखवतो, आणि आपण सोप्या दिवसासाठी सॉफ्टवेअर घेत नाही, सोपा दिवस डायरीवरही निघतो. म्हणून ठरवलं की डायरीतला सगळ्यात वाईट दिवस काढायचा आणि प्रत्येक सॉफ्टवेअरच्या ट्रायलमध्ये तोच दिवस आपल्या हातानं भरायचा. असा दिवस शोधायला लागला नाही. जूनमध्ये दोन्ही पालख्या पुण्यात आल्या तो दिवस.

पालख्या येतात त्या संध्याकाळी फर्ग्युसन रस्ता बंद, डेक्कनला सगळं अडकलेलं. चार ते आठमध्ये तीन टेबलांचे १२ स्लॉट भरलेले होते. पाच जणांनी ऐनवेळी फोन करून येत नाही सांगितलं, नियमाप्रमाणे १२ तास आधी कळवलं नाही तर सेशन कापतात, पण रस्ताच बंद असल्यावर कापणार कसं, ताईंनी कापायचं नाही म्हणून सांगितलं. दोनपैकी एक बाई कोच शिवाजीनगरला साडेसहापर्यंत अडकली आणि तिच्या यादीत दोन जणी अशा की ज्यांना पुरुष कोच चालत नाही. एक जोडपं दोघांत मिळून एकच पॅकेज वापरतं, ते एकामागोमाग एक आले. एकाचं दहावं, म्हणजे शेवटचं सेशन होतं आणि त्याला नवं पॅकेज अर्धं रोख, अर्धं यूपीआयनं घ्यायचं होतं. एक काका डेक्कनवरून चालत, २० मिनिटं उशिरा, घामानं भिजून आले आणि म्हणाले माउलींचं दर्शन झालं, आता पाय ताणून द्या.

डायरीचं ते पान बघून मी हे सगळं एका कागदावर उतरवलं आणि काकूंना ट्रायल लॅपटॉपवर बसवलं. माऊस मी धरायचा नाही, हे आधीच ठरलेलं.

जिमचं पहिल्या दहा मिनिटांत बाद झालं. परदेशातल्यानं मात्र सगळं केलं, अगदी सगळं, जोडप्याचं पॅकेजसुद्धा. पण किंमत डॉलरमध्ये, त्यातून यूपीआयनं पैसे घेता येत नव्हते, आणि बिलावर सीजीएसटी, एसजीएसटी वेगळे दाखवायची आणि सेवेचा ९९९७२३ हा कोड टाकायची सोय ट्रायलमध्ये आम्हाला मिळाली नाही. म्हणजे बिल परत दुसरीकडे करायचं. शिवाय त्यांचं ऑफिस युरोपात, आमची गर्दी सकाळी सहाला सुरू होते तेव्हा तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली असते.

सलोनवाल्यात टेबल आणि कोच दोन्ही एकत्र अडवता आले, हे मुख्य. एक नसेल तर स्लॉट दाखवतच नाही. सेशनमागे १० मिनिटं चादर बदलायला आणि टेबल पुसायला धरता आली. कॅन्सल करताना सेशन कापायचं की नाही हे विचारतं आणि कारण लिहायला जागा, म्हणजे काकूंचा गोल तिथे बसला. अडकलेल्या कोचचे सेशन दुसऱ्याकडे वळवताना फक्त बाई कोचची यादी काढता आली. जोडप्याचं पॅकेज एकाच्या नावावर ठेवून दुसऱ्याला जोडता येत होतं, जरा आडवळणानं. ग्रुप क्लास मात्र जमला नाही, १० जणांचा क्लास म्हणजे त्याच्या लेखी १० वेगळ्या अपॉइंटमेंट.

निर्णय

काकूंचं एक वाक्य निर्णायक ठरलं: "मला अख्खा दिवस एका स्क्रीनवर दिसला पाहिजे, डायरीत दिसतो तसा." सलोनवाल्यात वर तीन टेबलं आणि खाली तास, असा पूर्ण दिवस न सरकवता दिसत होता. ताईंचं मत परदेशातल्याकडे झुकत होतं, अ‍ॅप देखणं होतं, स्टुडिओचं नाव मोठं झाल्यासारखं वाटलं असतं, आणि मला ते चुकीचंही वाटत नाही, लोक बघतात. पण दिवसातले दहा तास त्याच्यासमोर बसणार काकू. मी ताईंना एवढंच विचारलं की काकू आठ दिवस सुट्टीवर गेल्या तर कुठल्या सॉफ्टवेअरवर तुम्ही स्वतः पहिल्या दिवसापासून काम कराल. त्यांनी थोडा विचार केला आणि सलोनवालं म्हणाल्या.

ग्रुप क्लास बाहेर ठेवायचा ठरलं, शनिवारचा एक तास आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर पोल आणि एक शीट पुरते. एका क्लाससाठी बाकी आठवडाभराच्या कामाचं सॉफ्टवेअर बदलणं मला पटलं नसतं.

पैसे भरायच्या आधी दोन गोष्टी केल्या. एक, ट्रायलमधला सगळा डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढून बघितला, क्लाएंटची नावं तर निघतातच, शिल्लक सेशनही निघतात का ते बघायचं होतं. निघाले. दोन, वर्षाचं भरलं तर ३०,००० आणि महिन्याचं ३,००० असा भाव होता, तरी पहिले तीन महिने महिन्यानंच भरायचं ठरवलं. जिमवाल्याचे ५,००० गेले ते गेलेच, ताईंना लागलं ते.

अंमलबजावणी

सुरुवात १ सप्टेंबरला केली, मुद्दाम, कारण गणपती बसलेले होते आणि त्या दहा दिवसांत आमच्याकडे गर्दी निम्मी असते. त्याच्या आधीचे दोन आठवडे गेले डायरीतून शिल्लक काढण्यात. काकू पान वाचायच्या, मी टाइप करायचो. चालू पॅकेज असलेले १३७ जण निघाले आणि शिल्लक सेशन ६१२.

हा आकडा मी ताईंना सांगितला तेव्हा त्या गप्पच झाल्या. चार कोच, दिवसाला सहा सेशन, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे अगदी पूर्ण भरलं तरी आठवड्याला १४४. सव्वाचार आठवडे एकही नवा रुपया न घेता फक्त आधी घेतलेल्या पैशांचं काम करायचं, आणि ते सहा लाख रुपये भाड्यात, पगारात कधीच खर्च झालेले. खात्यात पैसे दिसतात म्हणून उन्हाळ्यात त्या चौथं टेबल घ्यायचा विचार करत होत्या. "हे माझ्यावर लोकांचं कर्ज आहे रे", त्या म्हणाल्या. कुठल्याही डेमोत कोणी हे दाखवलं नव्हतं आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच.

मग प्रश्न आला की आमचा आकडा आणि क्लाएंटचा आकडा जुळला नाही तर काय. प्रत्येकाला एकेकटा मेसेज केला, तुमचे इतके सेशन शिल्लक आहेत, या तारखेपर्यंत वापरायचे आहेत, काही चुकलं असेल तर सांगा. ब्रॉडकास्टनं केलं नाही, कारण ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलेला नसतो त्यांना तो पोचतच नाही. १९ जणांनी वेगळा आकडा सांगितला. मी डायरी दाखवून बोलावं अशा मताचा होतो, ताई म्हणाल्या की चूक आपल्या पद्धतीची आहे, दोन सेशनपर्यंत फरक असला तर वाद न घालता त्यांचं धरायचं. १६ जणांचे मिळून २३ सेशन द्यावे लागले. उरलेल्या तिघांनी तर स्वतःहून सांगितलं की आमचे तुम्ही जास्त धरलेत. तेव्हापासून या बाबतीत मी ताईंशी वाद घालत नाही.

आरोग्याचे फॉर्म टाकताना रिसेप्शनला फक्त नाव-नंबर आणि पॅकेज दिसेल, कोचला आजारपणाची नोंद दिसेल आणि तीही त्याच्या क्लाएंटपुरती, असं लावलं. रिपोर्टचे फोटो अपलोडच करायचे नाहीत, "उजवा गुडघा बदललाय, जास्त वाकवायचा नाही" एवढी एक ओळ कोचला पुरते.

चूक झाली ती ऑनलाइन बुकिंगमध्ये, आणि ती माझी. पहिल्याच दिवशी लिंक सगळ्यांना पाठवली. आयटीवाल्या पोरांनी रात्रीतून पुढच्या महिनाभराचे सकाळी सातचे सगळे स्लॉट उचलले. दोन वर्षं मंगळवार-गुरुवार सातला येणारे एक आजोबा नेहमीसारखे आले, त्यांनी कधी बुकिंग केलेलंच नव्हतं, काकू त्यांचं नाव आपोआप लिहायच्या. टेबलवर दुसरंच कोणीतरी. ते काही बोलले नाहीत, चपला परत घातल्या आणि काकूंना म्हणाले, "आता आम्हाला मोबाईल शिकायला लागणार बहुतेक." काकू त्या दिवशी माझ्याशी नीट बोलल्या नाहीत आणि त्यांचं बरोबर होतं. संध्याकाळी लिंक बंद केली, जुन्या नेहमीच्या ४१ लोकांचे ठरलेले स्लॉट आधी अडवले, आजोबांना ताईंनी स्वतः फोन केला, आणि दहा दिवसांनी लिंक परत सुरू केली ती एका वेळी एकच आठवडा पुढचा उघडेल अशी.

२२ सप्टेंबर

घटस्थापनेच्या दिवशी जीएसटीचा दर बदलला, जिम, योगा, सलोन या सगळ्या सेवा १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आल्या, पण इनपुट क्रेडिट न घेता, म्हणजे आपण खर्चावर भरलेला जीएसटी आता वजा करून मिळत नाही. १०,००० च्या पॅकेजवर १,८०० च्या जागी ५००. आदल्या रात्री सॉफ्टवेअरमध्ये नवा दर तारखेसकट आपल्यालाच टाकता आला, हे निवडताना विचारलं नव्हतं, नशीब म्हणायचं. सकाळपासून लोक विचारायला लागले, आमचे सेशन बाकी आहेत मग १,३०० परत द्या. सीएनं सांगितलं की बिल आणि पैसे दोन्ही आधीचे असतील तर जुनाच दर लागतो. काकू स्क्रीन फिरवून बिलाची तारीख दाखवायच्या आणि शांतपणे सांगायच्या. डायरीत लाल टिकेवरून हे कसं सांगितलं असतं कोण जाणे. क्रेडिट गेल्यामुळे भाड्यावरचा जीएसटी आता खर्चात गेलाय, आणि सॉफ्टवेअरचं वर्षाचं भरू तेव्हा ३०,००० वरचे ५,४०० सुद्धा.

निकाल

नोव्हेंबरअखेर तीन महिने झाले. टेबल कमी पडण्याचा प्रकार या काळात एकदाच झाला, कोचनं ओळखीच्याला परस्पर बोलावलं म्हणून. सेशन किती उरले यावरचे वाद बंद झाले, कारण प्रत्येक सेशननंतर शिल्लक आकड्याचा मेसेज जातो. त्या मेसेजचे वेगळे पैसे पडतात, तरी ते बंद करू नका असं मी सांगितलंय. कोचचा इन्सेंटिव्ह दहा मिनिटांत निघतो. शिल्लक सेशन ६१२ वरून ४८० वर आलेत, कारण ताईंनी दोन महिने नव्या पॅकेजची ऑफर काढलीच नाही आणि चौथं टेबल पुढे ढकललं.

जमलं नाही ते: सेशन संपल्यावर "झालं" असं टॅबवर कोचनं दाबायचं ठरलं होतं, ते विसरतात, हाताला तेल असतं, पुढचा माणूस उभा असतो. आता क्लाएंट बाहेर जाताना काकूच दाबतात, म्हणजे टिक करायचं त्यांचं काम होतं तेवढंच राहिलं. बिलावर "स्टायलिस्ट" हा शब्द अजून छापून येतो, दोनदा सांगितलंय. आणि सपोर्टचा फोन सकाळी दहाला सुरू होतो, आपल्याच देशातली कंपनी असून सहाला कोणी उचलत नाहीच.

परत करायचं झालं तर

शिल्लक सेशन आधी मोजेन आणि मगच कुठलंही सॉफ्टवेअर बघायला घेईन, ६१२ हा आकडा आधीच कळला असता तर उन्हाळाभर टेबलाची कोटेशनं मागवत बसलो नसतो. टोकन कोणालाच देणार नाही. पालखीच्या दिवसासारखा कागद सेल्सवाल्याला आदल्या दिवशी पाठवेन, म्हणजे ज्याला जमत नाही तो येणारच नाही. ऑनलाइन बुकिंग महिनाभर फक्त काकूंच्या हातात ठेवेन आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा वापरायचा नाही अशांची यादी त्यांच्याकडूनच आधी लिहून घेईन.

आजोबा परत मंगळवार-गुरुवार सातलाच येतात, टेबल नंबर दोन. त्यांचा स्लॉट डिसेंबरपर्यंत अडवलाय, जानेवारीचा काकूंनी डायरीत पेन्सिलनं लिहून ठेवलाय, तो सॉफ्टवेअरमध्ये टाकायचा राहिलाय.